मोहरी, नळी आणि वजनकाटा: कणमय पदार्थांचं यांत्रिकी कमी खर्चात कसं शिकवावं

प्रश्न थोडक्यात असा: नवी मुंबईतल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात केमिकल शाखेला मेकॅनिकल ऑपरेशन्स शिकवणाऱ्या प्राध्यापिका विचारतात की प्रयोगशाळेत चाळण्यांचा संच, बॉल मिल आणि जॉ क्रशर एवढंच आहे. पावडर आणि दाण्यांचं यांत्रिकी मुलांना नीट समजावं अशी इच्छा आहे. बॅच वीस जणांची, प्रात्यक्षिक दोन तासांचं, हाती जेमतेम तीस हजार रुपये. तयार यंत्रं परवडत नाहीत. मग थेट संगणकावर सिम्युलेशन सुरू करावं का?

मॅडम, सिम्युलेशन सगळ्यांत शेवटी घ्या. आधी मुलांच्या हातात मोहरी, एक पारदर्शक नळी आणि स्वयंपाकघरातला डिजिटल काटा द्या. तुमच्याकडे येईपर्यंत मुलांनी फ्लुइड मेकॅनिक्सच्या गणितांत घनता, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार इतक्या वेळा केलेला असतो की हॉपर (माल साठवायचं, खाली निमुळतं होत जाणारं भांडं) पाहिला तरी त्यांना टाकीच दिसते. ही सवय व्याख्यानाने मोडत नाही. स्वतः लिहून दिलेला आकडा आणि काट्यावरचा आकडा यांत सहापट फरक दिसला की मोडते. ती मोडण्याआधी सिम्युलेशन दाखवलं तर पडद्यावर रंगीत गोट्या पडताना दिसतात, त्यापलीकडे हाती काही लागत नाही.

म्हणून सगळ्या प्रयोगांना एक नियम लावा. दाणे ओतायच्या आधी प्रत्येकाने अपेक्षित आकडा जर्नलमध्ये पेनाने लिहायचा आणि खोडायचा नाही. भाकीत चुकलं म्हणून गुण कापू नका. का चुकलं हे ज्याने लिहिलं नाही, त्याचे कापा.

दाणे म्हणून मोहरीच घ्या. वाशीच्या दाणा बाजारात किंवा मसाला मार्केटमध्ये दहा किलो सहज मिळते, आकार गोल आणि पुष्कळसा एकसारखा असतो. तुमच्याच चाळण्या वापरा: २.३६ मिमीतून खाली पडलेली आणि १.७ मिमीवर राहिलेली मोहरी ठेवा. सरासरी व्यास २ मिमी येतो आणि सैल घनता साधारण ७०० किलो प्रति घनमीटर. ही घनता मुलांनी स्वतः मोजायची, माझा आकडा घ्यायचा नाही. काचेचे मणी जास्त शुद्ध प्रयोग देतात, पण महाग असतात आणि फरशीवर सांडले तर पाय घसरतो. तशी मोहरीवरूनही माणूस घसरतोच, म्हणून प्रत्येक मांडणीखाली मोठं ताट किंवा ताडपत्री हवीच.

पहिला प्रयोग यान्सेनचा. ब्रेमेनचे अभियंता एच. ए. यान्सेन यांनी १८९५ मध्ये धान्याच्या कोठारातला दाब मोजून दाखवला, त्याचीच ही छोटी आवृत्ती. आतला व्यास ५० मिमी आणि उंची ६०० मिमी असलेली ॲक्रिलिकची नळी घ्या. ४८ मिमी व्यासाची ॲक्रिलिक तबकडी एका ठोकळ्यावर चिकटवा, ठोकळा काट्यावर ठेवा आणि तबकडी नळीच्या तोंडातून ३० मिमी आत जाऊ द्या. चारही बाजूंनी १ मिमी फट राहते, म्हणजे दाण्याच्या निम्मी. दाणा त्यातून निसटत नाही आणि तबकडी नळीला घासतही नाही. नळी दोन क्लॅम्पनी स्टँडला घट्ट धरा. तिचा काट्याला कुठेही स्पर्श नको. काटा लॅब जॅकवर (उंची कमी-जास्त करता येणाऱ्या बैठकीवर) ठेवा, कारण तो खाली घ्यायचा आहे.

आता ५०-५० ग्रॅम मोहरी ओतत जा. प्रत्येक ओतणीनंतर जॅक अगदी हळू अर्धा ते एक मिलिमीटर खाली घ्या आणि मगच काटा वाचा. ही पायरी गाळली तर प्रयोग बिघडतो. दाणे भिंतीवर पूर्ण घर्षण तेव्हाच टाकतात, जेव्हा ते भिंतीवरून किंचित खाली सरकलेले असतात. न सरकवता वाचलेले आकडे गटागटाला वेगळे येतात आणि मुलं काट्याला दोष देतात.

नळीत ५०० मिमी उंचीपर्यंत सुमारे ६८७ ग्रॅम मोहरी मावते. बहुतेक मुलं हाच आकडा लिहितात. भिंतीचा घर्षणांक ०.३ आणि आडव्या-उभ्या ताणाचं गुणोत्तर ०.५ धरलं तर काटा साधारण ११५ ग्रॅमवर थांबतो. वाटेतले आकडे असे: ५० ग्रॅम ओतल्यावर ४१, १०० वर ६७, २०० वर ९५, ३०० वर १०७, ५०० वर ११४. त्यापुढे कितीही ओता, काटा हलत नाही. तुमची नळी थोडी वेगळी असेल तर अंतिम आकडा ९० ते १५० च्या दरम्यान कुठेही येऊ शकतो, पण वक्राचं रूप हेच राहतं.

हिशेब असा. दाण्यांचा प्रत्येक पातळ थर आपल्या वजनाचा काही भाग घर्षणाने भिंतीला देतो. हा भाग त्या थरातल्या ताणाच्या प्रमाणात असतो. त्यामुळे ताण खोलीबरोबर सारखा वाढत न जाता एका मर्यादेकडे जातो. ती मर्यादा ठरवणारी लांबी म्हणजे नळीचा व्यास भागिले (४ × घर्षणांक × ताणांचं गुणोत्तर), इथे ८३ मिमी. या लांबीच्या तिप्पट खोलीला मर्यादेच्या ९५ टक्के ताण येऊन जातो. वक्र जुळवताना मुलांच्या लक्षात आणून द्या की या प्रयोगातून फक्त घर्षणांक आणि गुणोत्तर यांचा गुणाकार मिळतो, दोन्ही वेगवेगळे मिळत नाहीत. काही मुलं दोन्ही आकडे चार-चार दशांशांपर्यंत छापून आणतात. ते सॉफ्टवेअरने काढलेले असतात, मोजलेले नसतात.

‘मग उरलेले ५७२ ग्रॅम गेले कुठे?’ हा प्रश्न वर्गात येणारच. उत्तर तोंडी देऊ नका. नळी क्लॅम्पमधून सोडवून सामान तोलायच्या लटकत्या काट्याला टांगा आणि तिचं रिकामं वजन शून्यावर आणा. दोन्ही काट्यांची बेरीज ओतलेल्या मोहरीइतकी भरते. भिंत वजन धरते हे मुलांना तिथे डोळ्यांनी दिसतं. इथेच सायलोचा, म्हणजे माल साठवायच्या उंच कोठाराचा, धोका सांगा: तळावरचा भार कमी म्हणजे पत्र्याच्या भिंतीवरचा उभा दाब जास्त. भिंत पातळ असेल, किंवा माल एका बाजूच्या तोंडातून काढत असतील, तर पत्रा खालच्या भागात चुरगळतो.

यानंतर उलटं करा. नळी पुन्हा घट्ट बांधा आणि जॅक वर घ्या. आता भिंतीचं घर्षण उलट दिशेने, खाली लागतं, आणि ताण खोलीबरोबर घातांकाने वाढतो. वरच्याच आकड्यांनी, फक्त २३० ग्रॅम मोहरी वर ढकलायला सुमारे ७३५ ग्रॅम भार लागतो. ३४५ ग्रॅमला तो २.२ किलोवर जातो. याच्यापुढे जाऊ नका. ५ किलोचा काटा जातो किंवा नळी क्लॅम्पमधून सुटते. स्क्रू फीडर तुंबला की मोटर का ट्रिप होते, गच्च भरलेल्या पाइपातला पावडरचा बोळा हवेने ढकलून का हलत नाही, हे या पाच मिनिटांत कळतं. माझ्या मते अख्ख्या सत्रातली ही सर्वांत मोलाची पाच मिनिटं आहेत.

बिघाड कुठे होतो तेही सांगतो. मोहरीचं तेल नळीच्या आत पुसट थर धरतं आणि घर्षण बदलत जातं. प्रत्येक बॅचनंतर नळी साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. एसी खोलीत ॲक्रिलिकला स्थिर विद्युत चढते आणि दाणे भिंतीला चिकटून बसतात. ओलसर फडक्याने नळी बाहेरून पुसली की पुष्कळ फरक पडतो. काही स्वस्त काटे हळू बदलणारं वजन स्वतःहून शून्यावर आणतात. घेण्यापूर्वी दुकानात काट्यावर चिमूट-चिमूट साखर टाकून बघा. आकडा चढला नाही तर तो काटा नको.

दुसरा प्रयोग भोकातून पडणाऱ्या प्रवाहाचा. ड्रेनेजचा ११० मिमीचा पीव्हीसी पाइप साधारण ६०० मिमी कापून घ्या. तळाला बदलता येणाऱ्या ३ मिमी जाडीच्या ॲक्रिलिक चकत्या. मध्ये १२, १४, १६, १८, २० आणि २४ मिमीची भोकं. रबाळे-महापे पट्ट्यात किंवा ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये लेझरने कापून घेता येतील. भोकाची खालची कड तिरकी घासून घ्या, नाहीतर चकतीची जाडी स्वतःच एक छोटी नळी बनते. भोकाचा व्यास दाण्याच्या सहापटीहून कमी नको, म्हणून १२ पासून सुरुवात. पाइपाचा व्यास भोकाच्या अडीचपट तर हवाच, शिवाय भोक अधिक तीस दाण्यांएवढाही हवा. २४ मिमीच्या भोकाला ८४ मिमी लागतात, आपल्याकडे शंभराच्या वर आहेत.

३ किलो मोहरी भरा, खाली काट्यावर बादली ठेवा, काट्याच्या पडद्याचा मोबाइलवर व्हिडिओ घ्या आणि बोट काढा. व्हिडिओतून दर दोन सेकंदांचा आकडा उतरवायचा. पडणाऱ्या दाण्यांच्या आघाताने आकडा किंचित जास्त दिसतो. म्हणून एखादं वाचन न घेता रेषेचा उतार घ्यायचा. उतारावर त्या आघाताचा परिणाम होत नाही.

पहिली गोष्ट दिसते ती अशी की वस्तुमान-वेळ आलेख सरळ रेषा असतो. पाइप भरलेला असो की अर्धा रिकामा, प्रवाह तोच. शेजारी तेवढाच पाइप पाण्याने भरून तेच करा, तिथे रेषा वाकते. वाळूचं घड्याळ चालतं ते याच कारणाने: भोकावर काही दाण्यांच्या उंचीपर्यंतच प्रवाह ठरतो, वरच्या मालाचा भार भिंतीने आधीच उचललेला असतो. पहिल्या प्रयोगाचा धागा इथे मुलांनी स्वतः जोडावा. तुम्ही सांगू नका.

दुसरी गोष्ट आकड्यांची. बेव्हर्लू आणि सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये दिलेलं सूत्र: प्रवाह = ०.५८ × सैल घनता × गुरुत्वत्वरणाचं वर्गमूळ × (भोकाचा व्यास वजा १.४ पट दाण्याचा व्यास) चा अडीचवा घात. आपल्या मोहरीला २० मिमीच्या भोकातून सुमारे ४९ ग्रॅम प्रति सेकंद आणि १२ मिमीच्या भोकातून सुमारे १०. म्हणजे ३ किलो रिकामे व्हायला एक मिनिट आणि पावणेपाच मिनिटं. क्षेत्रफळाच्या हिशेबाने प्रवाह २.८ पट व्हायला हवा होता, होतो ४.८ पट.

इथे एक चूक हटकून होते आणि ती व्हावी असंच मला वाटतं. मुलं प्रवाह आणि भोकाचा व्यास लॉग-लॉग कागदावर मांडतात आणि घात ३ च्या आसपास काढतात. सूत्रातला अडीच न आल्यामुळे मग आकडे ‘दुरुस्त’ केले जातात. वरचे दोन आकडे घेऊन बघा, घात ३.०६ येतो. आकडे बरोबर असतात, मांडणी चुकीची असते. दाण्याचं केंद्र भोकाच्या कडेच्या अगदी जवळून जाऊ शकत नाही, त्यामुळे कडेची एक पट्टी प्रवाहाला उपलब्धच नसते. प्रवाहाचा २/५ वा घात काढून तो भोकाच्या व्यासासमोर मांडला की सरळ रेषा येते. ती व्यासाच्या अक्षाला २.८ मिमीच्या आसपास छेदते, आणि ही दोन्ही बाजूंची मिळून त्या रिकाम्या पट्टीची रुंदी. जर्नलमध्ये हे दोन्ही आलेख शेजारी-शेजारी मागा.

वेळ उरला तर ६ मिमीचं भोक लावा. प्रवाह सुरू होतो, काही ग्रॅम पडतात आणि कमान धरून माल अडतो. काडीने कमान मोडा, पुन्हा किती ग्रॅमवर अडतो ते लिहा. असं पन्नास वेळा. वितरण घातांकी येतं. प्रत्येक क्षणी अडण्याची शक्यता सारखीच असते, आधी किती माल गेला याची दाण्यांना आठवण नसते. संख्याशास्त्र शिकवायला याहून स्वस्त साधन नाही.

मग मोहरीऐवजी रवा आणि मैदा घ्या. सूत्र इथे तुटतं. अर्धा मिलिमीटरच्या खाली गेलं की खाली पडणाऱ्या मालाच्या जागी वर शिरणारी हवा दाण्यांना अडवते आणि प्रवाह सूत्राहून कमी पडतो. मैदा तर कण एकमेकांना चिकटल्यामुळे पडतच नाही. बारीक, कोरडी वाळू पाइपात भरून वर घट्ट झाकण लावा. प्रवाह मंदावतो, कधी धापा टाकल्यासारखा येतो. कारखान्यात हॉपरचा व्हेंट किंवा बॅग फिल्टर तुंबला की नेमकं हेच होतं आणि ऑपरेटर ‘माल बसला’ म्हणून हातोडा मारत बसतो.

रिपोज कोनावर, म्हणजे ढिगाच्या उताराच्या कोनावर, फार वेळ घालवू नका. नरसाळ्यातून ढीग करून मोजलेला कोन ओतण्याच्या उंचीवर, तळाच्या खरबरीतपणावर आणि ढिगाच्या आकारावर बदलतो. ढिगाचा माथा कुठवर जाईल हे सांगायला तो ठीक, हॉपरचा उतार ठरवायला नाही. ही चूक पाठ्यपुस्तकाबाहेरही पुष्कळ दिसते. हौसनर गुणोत्तर मात्र घ्या. आपटून बसवलेली घनता भागिले सैल घनता, १.२५ च्या खाली माल वाहता, १.४ च्या वर चिकट. माप अलगद ओतून भरलं की हेंदकळून भरलं यावर पायलीत किती धान्य मावतं हे घरच्या आजीला माहीत असतं. त्याचंच हे मोजमाप. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या औषध कंपन्यांत नोकरीला जाणाऱ्या मुलांना हा आकडा रोज भेटणार आहे.

हॉपरची खरी रचना शिकवायची तर शिअर सेलला, म्हणजे भाराखाली पावडर सरकवायला लागणारं बळ मोजणाऱ्या साधनाला, पर्याय नाही. ही पद्धत अँड्र्यू जेनिके यांची, १९६४ ची. सिव्हिल विभागातला ६० मिमीचा डायरेक्ट शिअर बॉक्स मागून आणावासा वाटेल. त्यात अडचण अशी की तो मातीसाठी आहे. तिथले भार ५० ते काहीशे किलोपास्कलचे, हॉपरच्या तोंडाशी ताण १ ते १० किलोपास्कलचा. एवढ्या कमी भाराला वरच्या पेटीचं स्वतःचं वजन आणि प्रूव्हिंग रिंगची (बळ मोजणाऱ्या कड्याची) ढोबळ मोजणी यांतच उत्तर हरवतं.

स्वतः बनवा. आतला व्यास ९५ मिमी असलेल्या दोन हलक्या कड्या, खालची पक्की, वरची सरकती. झाकणावर १ किलो ठेवलं की ताण १.४ किलोपास्कल, २ किलोला २.८, ४ किलोला ५.५. झाकण आणि वरची कडी यांचं वजनही यात धरायचं. वरची कडी स्टेपर मोटर आणि आट्याच्या दांड्याने मिनिटाला १ ते ३ मिमी वेगाने ढकला. मध्ये ५ किलोचा लोड सेल (बळाचा विद्युत संकेत देणारा तुकडा), त्याला तो संकेत आकड्यांत बदलणारी एचएक्स७११ चिप आणि आर्डुइनो हा छोटा नियंत्रक. तीस हजारांतला सगळ्यांत मोठा वाटा इथे जाईल आणि जाऊ द्यावा.

कृती: नमुना भरा, सपाट करा, ४ किलो भाराखाली बळ स्थिर होईपर्यंत सरकवा. मोटर मागे घेऊन बळ शून्यावर आणा. भार ३ किलो करा, पुन्हा सरकवा, सर्वोच्च बळ टिपा. पुढच्या बिंदूला, म्हणजे २ आणि १ किलोला, नवा नमुना भरून आधीचं ४ किलोचं सरकवणं पुन्हा करायचं. मुलं वेळ वाचवायला त्याच नमुन्यावर तिन्ही भार लावतात आणि तिसरा बिंदू खाली येतो, कारण सरकलेला पट्टा आधीच सैल झालेला असतो. पहिल्या टप्प्यात बळ स्थिर व्हायच्या आधी थांबलं तरी तोच गोंधळ.

तीन बिंदूंतून रेषा, रेषेला स्पर्श करणारी दोन मोहर वर्तुळं (ताणांची आलेखावरची वर्तुळं), त्यातून दोन आकडे: घट्ट करणारा मुख्य ताण आणि मोकळ्या पृष्ठभागाची ताकद, म्हणजे बाजूचा आधार नसताना घट्ट झालेला माल किती ताण सोसतो ते. पहिला भागिले दुसरा १० च्या वर असेल तर माल मुक्त वाहतो, ४ ते १० सहज, २ ते ४ चिकट, त्याखाली फार चिकट.

ही ताकद नुसती लिहून थांबू नका, भोकापर्यंत न्या. कमान मोडायला लागणारा किमान व्यास शंकूसाठी साधारण २ × ताकद भागिले (घनता × गुरुत्वत्वरण). हॉपरच्या तोंडाशी ताकद १ किलोपास्कल आणि घनता ५०० असेल तर ४०८ मिमी. २०० मिमीचं तोंड ठेवलेल्या हॉपरमध्ये हा माल अडणारच, कितीही हातोडे मारले तरी. लांबट खाचेला गुणक साधारण १, म्हणजे २०४ मिमी रुंदी पुरते, मात्र लांबी रुंदीच्या तिप्पट तरी हवी.

खालच्या कडीच्या जागी स्टीलचा तुकडा ठेवून तीच मोजणी केली की भिंतीच्या घर्षणाचा कोन मिळतो. गुळगुळीत स्टेनलेस, खरबरीत पत्रा आणि गंजलेला पत्रा असे तीन तुकडे ठेवा. सगळा माल एकत्र खाली सरकावा, मध्येच भोक पडून कडेचा माल तसाच राहू नये, यासाठी शंकू किती उभा हवा हे या कोनावर ठरतं. मालाचं अंतर्गत घर्षण ४० अंश असताना भिंतीचा कोन २० असेल तर शंकूचा उभ्या रेषेपासूनचा अर्धकोन, सुरक्षेचे ३ अंश वजा करून, साधारण २४ अंश चालतो. भिंतीचा कोन २८ झाला की १२-१३ अंशांवर यावं लागतं. पत्रा बदलला म्हणून जवळपास दुप्पट उंच शंकू, आणि मजल्याची उंची तर तीच असते.

विलगीकरण दाखवायला एक उभं पारदर्शक चपटं पिंप पुरे: व्यास २०० मिमी, जाडी ३० मिमी, अर्धं भरलेलं. मोहरी आणि राजगिरा सारख्या घनफळात मिसळून मिनिटाला ३ फेऱ्यांनी फिरवा. एक-दोन फेऱ्यांत बारीक राजगिरा मधोमध गाभा धरतो. आजी सुपात पाखडते तेव्हाही हलवण्यानेच माल वेगळा होतो, मिसळत नाही; ब्लेंडर जास्त वेळ फिरवला म्हणजे मिश्रण जास्त चांगलं होईल हा समज इथे जातो. बॉल मिलच्या क्रांतिक वेगाचं (ज्या वेगाला माल भिंतीला चिकटून फिरू लागतो त्याचं) सूत्र मुलांना येतं, तेच इथे लावायला सांगा: या पिंपाला मिनिटाला सुमारे ९५ फेऱ्या येतात, आपण ३ वर आहोत. खाडीपलीकडे पवईला, आयआयटी मुंबईत, प्रा. देवांग खखर यांनी फिरत्या सिलिंडरमधल्या अशाच प्रवाहावर आणि विलगीकरणावर वर्षानुवर्षं संशोधन केलं आहे. हा विषय आपल्या दारातला आहे हे मुलांना कळू द्या.

दोन काचांमध्ये ५-६ मिमी फट ठेवून जाडी साखर आणि बारीक वाळू यांचं मिश्रण एका कोपऱ्यातून हळू ओतलं तर ढिगात पट्टे पडतात. दहा मिनिटांचं काम आहे, नक्की करा.

पावसाळ्याबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण आपल्याकडे जून ते सप्टेंबर प्रयोगशाळेतली हवाच एक घटक बनते. दाण्यांच्या स्पर्शबिंदूंवर पाण्याचे सूक्ष्म पूल धरतात. त्यांनी येणारी ताकद ढोबळमानाने पृष्ठताण भागिले दाण्याचा व्यास: अर्ध्या मिलिमीटरच्या वाळूला १४० पास्कलच्या आसपास. वरच्या सूत्रात घातलं तर किमान भोक सुमारे २० मिमी. कोरड्या वाळूत एक टक्का पाणी चोळून २० मिमीच्या चकतीवर ओता, अडते की नाही ते बघा. म्हणून प्रत्येक वाचनाशेजारी आर्द्रता लिहायची सक्ती करा. साधा हायग्रोमीटर भिंतीला लावा. मोहरी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि दर सत्राला नवी घ्या.

सुरक्षेत तडजोड नको. मैदा आणि स्टार्चची हवेत उडालेली धूळ ठिणगीने पेट घेते, म्हणून त्या दिवशी बर्नर आणि ब्लोअर बंद. वाळूची बारीक धूळ फुप्फुसाला वाईट, मास्क लावा. आणि कारखान्यात जाण्याआधी मुलांना एक वाक्य पाठ असू द्या: अडलेला माल मोकळा करायला हॉपरमध्ये किंवा सायलोत कधीही उतरायचं नाही. कमान पायाखाली मोडली की माणूस काही सेकंदांत गाडला जातो, आणि अंगाभोवती दाबून बसलेल्या दाण्यांच्या घर्षणामुळे त्याला वर ओढून काढता येत नाही. जॅक वर घेताना काट्यावर जे बघितलं, तसंच घर्षणाचं बळ तिथे माणसावर असतं.

आता सिम्युलेशन. कुंडाल आणि स्ट्रॅक यांनी १९७९ मध्ये मांडलेली डिस्क्रीट एलिमेंट पद्धत म्हणजे प्रत्येक दाण्याला न्यूटनचा नियम लावणं. एमफिक्स (MFiX), लिग्ट्स (LIGGGHTS) ही मोफत सॉफ्टवेअर पुरेशी आहेत. आकड्यांचं भान मात्र आधी द्या. एक मोहरी साधारण ४.६ मिलिग्रॅमची, म्हणजे ३ किलोत साडेसहा लाख दाणे. कॉलेजच्या संगणकाला ते झेपणार नाहीत. ६० मिमीची नळी, १६ मिमीचं भोक आणि चाळीस हजार दाणे घ्या. सूत्राने प्रवाह सेकंदाला २५ ग्रॅमच्या आसपास, तीन सेकंदांचं चित्र पुरतं. नळी अरुंद असल्याने वर सांगितलेली रुंदीची अट इथे मोडते, म्हणून तोच प्रयोग ६० मिमीच्या खऱ्या नळीत करून तुलना करा, पीव्हीसीच्या पाइपाशी नाही.

दाण्याची ताठरता खरी घातली तर काळाची पायरी इतकी लहान होते की गणित संपत नाही. १ कोटी पास्कल घ्या. पायरी १० मायक्रोसेकंदांच्या आसपास बसते, एका सेकंदाला सुमारे लाखभर पायऱ्या. पायरी मोठी घेतली तर दाणे एकमेकांत शिरून बंदुकीच्या गोळीसारखे बाहेर उडतात. एकदा मुद्दाम करून दाखवा. घर्षणांक अंदाजाने भरू देऊ नका. भिंतीचा शिअर सेलमधून घ्यायचा, म्हणजे त्या सेलमध्ये पत्र्याच्या जागी ॲक्रिलिकचा तुकडा ठेवून एकदा मोजावं लागेल. दाण्या-दाण्यातला घर्षणांक फिरत्या पिंपातल्या उताराशी जुळेपर्यंत बदलायचा, आणि तो एकदा ठरला की भोकाच्या प्रवाहासाठी त्याला हात लावायचा नाही. मग पडद्यावरचा प्रवाह आणि काट्यावरचा प्रवाह एकाच आलेखावर, मोजणीतल्या चुकीच्या पट्ट्यांसह, मांडून घ्या.